कागदावर ‘पूर्ण’ झालेल्या आमच्या सेंद्रिय गटाविषयी खुले पत्र

प्रति,
सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीच्या योजना आखणारे, मंजूर करणारे आणि राबवणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी,

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली शेतकरी आहे. कृष्णाकाठी आमचं एक एकर तीस गुंठे रान आहे. एक एकर हळद, दहा गुंठे भाजीपाला, बाकी वैरण आणि घरापुरता भुईमूग. दावणीला एक खिलार गाय आणि एक म्हैस.

गेल्या महिन्यात आमच्या सेंद्रिय गटाच्या प्रमाणपत्राची चौकशी करायला मी एका कार्यालयात गेले होते. टेबलावरच्या यादीत आमच्या गटापुढे ‘कालावधी पूर्ण’ असा शेरा होता. प्रमाणपत्र कधी मिळेल असं विचारलं, तर सांगण्यात आलं की योजनेची तीन वर्षं संपली, आता या गटावर काही खर्च टाकता येत नाही, नवे गट दुसऱ्या गावांत घ्यायचे आहेत. तिथली माणसं माझ्याशी नीट बोलली, बसायला खुर्ची दिली. त्यांच्यावर माझा राग नाही. पण तो शेरा वाचून मी घरी आले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

२०२२ च्या खरिपात आमचा गट झाला तेव्हा यादीत ५० नावं होती. आज त्यातली १२ घरं सेंद्रिय करतात. बाकीची ३८ घरं एकेक करून परत युरियाकडे गेली, आणि जी १२ उरली त्यांच्याही हातात कागद नाही. या गटाला ‘पूर्ण’ कोणत्या अर्थाने म्हणायचं, हे मला समजून घ्यायचं आहे. त्या ३८ घरांतल्या बहुतेकांच्या दारात मी स्वतः जाऊन आले. का सोडलं, ते प्रत्येकाला विचारलं. त्यांची उत्तरं तुमच्यापर्यंत पोचली नाहीत, कारण गट सोडणाऱ्याला कारण विचारणारा रकाना मी पाहिलेल्या कोणत्याही अर्जात नव्हता.

आम्ही या वाटेला का आलो ते आधी सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि उभी हळद पाण्याखाली कुजली. २०२१ च्या जुलैत परत तेच. दुसऱ्या पुरानंतर सोसायटीचं कर्ज डोक्यावर आणि खतांच्या दुकानाची उधारी वेगळी. त्याच वेळी माझ्या चुलत सासऱ्यांचं नदीकडचं रान क्षारपड होऊन पांढरं पडलेलं आम्ही रोज बघत होतो. तीस वर्षं ऊस, भरमसाट पाणी, भरमसाट खत. आता तिथे ऊसही फुटत नाही. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात अशी रानं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आमच्या रानाचं तसं होऊ द्यायचं नाही एवढंच तेव्हा मनात होतं. सेंद्रियचा भाव जास्त मिळतो वगैरे नंतर ऐकलं.

जमिनीत फरक पडला का? पडला, आणि तो मी डोळ्यांनी बघितला आहे. पूर्वी पाणी दिल्यावर चौथ्या दिवशी माती ढेकळासारखी आवळायची, भांगलताना खुरपं उसळायचं. आता ताग गाडून, पाला-पाचट आच्छादून, जीवामृत सोडून चौथं वर्ष आहे. खुरपं मऊ मातीत जातं, एका चौरस फुटात पाच-सहा गांडुळं दिसतात, आणि पावसाने आठवडाभर ओढ दिली तरी आमच्या हळदीची पानं दुपारी सुरळी धरत नाहीत. पाण्याच्या पाळ्या कमी झाल्या. कंदमाशीसाठी कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने सांगितलेला एरंडीचा उपाय आम्ही करतो: भरडलेलं एरंडीचं बी पसरट भांड्यात पाण्यात आंबवून एकरात दोन-तीन ठिकाणी ठेवायचं, वासाला माश्या येतात आणि त्यात मरतात. विषारी फवारा मारून घरी आल्यावर माझ्या मालकांच्या हाताला जी आग व्हायची, डोकं दुखायचं, ते थांबलं. पूर्वी हळदीला रासायनिक खत आणि औषधं मिळून एकरी पस्तीस हजारांच्या घरात जायचे. आता विकतचा खर्च नऊ-दहा हजार आहे.

हे झालं चांगलं. आता दुसरी बाजूही तेवढीच स्पष्ट लिहिते, कारण सभेत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझ्या वहीत आकडे आहेत. २०२० च्या लागणीची वाळलेली हळद एकरी २८ क्विंटल निघाली होती. सेंद्रियच्या पहिल्या वर्षी १७ निघाली, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी २४. पहिल्या वर्षी सौद्यात भाव क्विंटलला सात हजारांच्या आसपास होता. म्हणजे ११ क्विंटलचा खड्डा पाऊण लाखाचा. तणनाशक बंद केल्यावर दोनऐवजी पाच भांगलणी कराव्या लागल्या, त्याची मजुरी वेगळी, आणि भांगलणीच्या दिवसांत बायका मिळत नाहीत ते वेगळंच. विकतच्या खर्चात वाचलेले पंचवीस हजार भांगलणीतच गेले. माझ्या एका जावेने त्या पहिल्याच वर्षी गट सोडला. तिच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. तिला मी काय सांगणार होते?

दुसऱ्या वर्षी हळदीचा भाव जवळपास दुप्पट झाला म्हणून आम्ही तरलो. तो भाव चढला नसता तर हे पत्र लिहायला मीही सेंद्रियमध्ये नसते.

आता या पाऊण लाखासमोर योजनेची मदत ठेवा. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ मध्ये सुरू झाली. एके काळी तिच्यात तीन वर्षांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये होते आणि त्यातले ३१ हजार थेट शेतकऱ्याला होते. नंतर ती रक्कम हेक्टरी साडेएकतीस हजारांवर आली आणि शेतकऱ्याच्या खात्यात जायचा वाटा १५ हजार झाला. तोही तीन वर्षांचा मिळून. एकराचा हिशेब केला तर वर्षाला दोन हजार रुपये होतात. दोन हजारांत एका भांगलणीचे पैसे सुटत नाहीत. आमच्याकडे यातला काही भाग पैशाने आला आणि काही सेंद्रिय औषधांच्या किटाने.

त्या किटाबद्दल बोलायलाच हवं. हळदीची लागण अक्षय तृतीयेपासून मे अखेरपर्यंत होते. ट्रायकोडर्मा लागतो तो बेणं बुडवताना आणि लागणीच्या आधी शेणखतात मिसळायला, नाहीतर पावसाळ्यात कंदकूज येते. दुसऱ्या वर्षीचं किट आम्हाला ऑगस्टच्या शेवटी मिळालं. त्याआधी ते पत्र्याच्या खोलीत महिनाभर पडून होतं. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, ती तापलेल्या पत्र्याखाली जगत नाही, हे आम्हाला तुमच्याच प्रशिक्षणात शिकवलं आहे. मी तिथे शिकवल्याप्रमाणे करून बघितलं. ओल्या शेणखताचे दोन ढीग केले, एकात किटातली पुडी मिसळली, दुसऱ्यात विद्यापीठातून स्वतः आणलेली. दोन्ही सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवले. दहा दिवसांनी विद्यापीठाच्या पुडीच्या ढिगावर हिरवी बुरशी चढली होती. किटाच्या ढिगावर काही नव्हतं. गटातल्या ज्यांनी त्या पुडीवर भरवसा ठेवला त्यांच्यातल्या सहा-सात जणांची हळद पुढच्या वर्षी सडली, आणि त्यांनी ठरवलं की सेंद्रिय औषधं काही कामाची नसतात. गट तुटायला तिथून सुरुवात झाली.

सगळ्यांत जास्त घरं मात्र शेण नसल्यामुळे गटातून सुटली. एका एकराला एका वेळी २०० लिटर जीवामृत करायचं तर दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती लागते. ते एका गायीवर भागतं. पण हळदीसारख्या खादाड पिकाला नुसत्या जीवामृतावर भागत नाही, तिला एकरी ट्रॉल्यांच्या हिशेबाने कुजलेलं शेणखत लागतं. ज्यांच्या दावणीला जनावरच राहिलं नाही त्यांनी ते आणायचं कुठून? ट्रॅक्टर आला तसे बैल गेले, वैरण महागली तशी दुसरी म्हैस गेली. विकतच्या शेणखतावर द्राक्षबागांवाल्यांचीही मागणी असते, तिथे वीस-तीस गुंठ्यांवाल्याचा टिकाव लागत नाही. आणि दुसरीकडे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना दारात मिळते, कारण उरलेली किंमत सरकार भरतं. रासायनिक खतांच्या अनुदानावर केंद्र दरवर्षी दीड लाख कोटींहून जास्त खर्च करतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला एकूण २,४८१ कोटी ठरले. युरिया बंद करा असं मी म्हणत नाही. शेजाऱ्याचं पीक त्यावर उभं आहे. पण माझ्या उकिरड्यात तयार होणाऱ्या खताला यातला एक रुपयाही नाही. बायोगॅस प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनाला १,५०० रुपये बाजार साहाय्य द्यायचं २०२३ मध्ये ठरलं, तेही प्रकल्पाच्या खताला. दोन जनावरं सांभाळून रोज पहाटे शेण भरणारी बाई त्या हिशेबात कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला संकोच होतो, कारण ती शेजाऱ्यांशी संबंधित आहे. आमच्या रानाच्या दोन्ही अंगांना ऊस आहे. २०२३ च्या जुलैत शेजारच्या आण्णांनी उसात २,४-डी तणनाशक मारलं. वारं पश्चिमेकडून होतं. चार दिवसांत माझ्या हळदीतल्या आंतरपिकाच्या घेवड्याची पानं पंख्यासारखी मुडपली, शेंड्यांना वेटोळी पडली, आणि तो सगळा घेवडा उपटून टाकावा लागला. तासगाव-मिरजेकडचे द्राक्षवाले या तणनाशकाला किती घाबरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आण्णा स्वतः बांधावर आले, त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी नियम मोडला नव्हता, कारण आमच्या गावात तसा नियमच नाही. कोणत्या वाऱ्याला फवारायचं नाही, शेजाऱ्याला आधी सांगायचं, सेंद्रिय रानाच्या किती जवळ फवारायचं नाही, यातलं काहीही गावपातळीवर ठरलेलं नाही. २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात २,४-डी होतं. ते आजही दुकानात मिळतं. आता ड्रोनने फवारणी वाढते आहे, बचत गटातल्या बायकांना ड्रोन मिळताहेत, याचा मला आनंदच आहे. पण ड्रोनचा फवारा वाऱ्यावर किती पसरतो हे कोणी बघायचं?

मला सांगितलं जातं की बांधाकडे संरक्षक पट्टा सोडा. आमच्यासारख्यांचं रान कसं असतं ते एकदा नकाशावर बघा. वाटण्या होत होत पट्ट्या राहिल्या आहेत. वीस मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब पट्टी म्हणजे साधारण २० गुंठे. दोन्ही अंगांनी तीन-तीन मीटर सोडलं तर २० तले सहा गुंठे गेले. ज्याच्याकडे दहा एकरांचा चौकोनी तुकडा आहे त्याला पट्टा परवडतो. आम्ही बांधाला शेवरी आणि एरंड लावले आहेत, ते वाढताहेत. पण फवारा दुसऱ्याचा आणि अंश सापडला तर प्रमाणपत्र माझं जाणार, ही भीती पट्ट्याने जात नाही.

पुराचंही तसंच. कृष्णेचं पाणी रानावरून गेलं तर वरच्या सगळ्या शिवारांतलं जे काही त्यात मिसळलेलं असतं ते आमच्या मातीत येतं. मग आमची रूपांतराची, म्हणजे रासायनिकवरून सेंद्रियवर जाण्याची, वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची का? हा प्रश्न मी प्रशिक्षणात दोनदा विचारला. दोन्ही वेळा ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ असं उत्तर मिळालं. अजून सांगितलेलं नाही. नदीकाठच्या गावाला हा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो.

प्रमाणपत्राविषयी. पीजीएस, म्हणजे सहभागी हमी, पद्धत मला मनापासून पटते. शेतकऱ्यांनीच एकमेकांची रानं तपासायची, वही ठेवायची, खोटं करणाऱ्याला गटाने धरायचं. बाहेरच्या संस्थेचं खर्चिक प्रमाणपत्र आम्हाला परवडणारं नाही, आणि आमच्या गावात कोण रात्री युरिया टाकतो हे आम्हाला बाहेरच्या तपासनिसापेक्षा आधी कळतं. या भागाला अशा शिकण्याची सवय आहे. कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी एकमेकांच्या बागा बघत, अनुभव कळवत किती मोठी मजल मारली, हे माझे सासरे सांगायचे. आम्हीही दर अमावास्येला एकमेकींची रानं बघतो. वह्या भरल्या आहेत. पण ती माहिती ऑनलाइन भरायचं काम ज्या संस्थेला दिलं होतं तिचा माणूस दीड वर्षात तीनदा बदलला आणि शेवटच्या वर्षी आलाच नाही. पासवर्ड त्याच्याकडे. नोंदीत आमचा गट अजून ‘रूपांतराखाली’च दिसतो असं मला तोंडी सांगितलं गेलं. आमच्या वह्या बघायला अजून कोणी आलेलं नाही.

या कागदावाचून काय अडतं? नियम असा आहे की वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाने स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकला तर सेंद्रिय म्हणायला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्या आधारावर आम्ही पाच जणी डंक्यावर हळद कांडून पाव-अर्धा किलोच्या पुड्या करतो आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांमार्फत विकतो. त्यात एकूण मालातला आठवा हिस्सा जातो. दुकानात ठेवायचं म्हटलं की कागद मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे, नुसत्या माझ्या शब्दावर त्यांनी गिऱ्हाइकाला का सांगावं? बाकीची सगळी हळद सौद्यात जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशभरचे व्यापारी इथे येतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या बाजारात मी माल नेते तिथे ढीग ओतला की व्यापारी हळकुंडाची लांबी, रंग आणि मोडल्यावरचा कणखरपणा बघतो. माझा ढीग आणि शेजारचा ढीग यांच्या भावात काही फरक नसतो. तीन वर्षं मी एकदाही सेंद्रिय म्हणून एक रुपया जास्त घेतलेला नाही.

यादीतल्या ५० नावांत बायका चार होत्या, कारण सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचंच नाव गटात. जीवामृत ढवळणं, एरंडीची भांडी बदलणं, बेणं निवडणं, पाच वेळा भांगलणं ही कामं बहुतेक बायकांचीच, आणि प्रशिक्षणाला बोलावणं गड्यांना. माझ्या मालकांनी माझं नाव सातबाऱ्यावर लावून घेतलं म्हणून मी तिथे बसू शकले. बाकीच्यांना मी घरी येऊन शिकवलं.

सक्ती कोणावर करू नका, हेही मला सांगायचं आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. सिक्कीमने २००३ मध्ये धोरण जाहीर केलं आणि पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली ती २०१६ मध्ये. तिथे तेरा वर्षं लागली, तर आमच्यासारख्या उसाच्या पट्ट्यातल्या गावाला तीन वर्षांत ‘पूर्ण’ म्हणायची घाई कशासाठी? संपूर्ण गाव सेंद्रिय व्हावं असा माझा हट्ट नाही. ज्यांना करायचं आहे ते १२ चे २० व्हावेत आणि पुढच्या वर्षी २० चे १५ होऊ नयेत, एवढं बघा.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

ज्या गटाच्या हातात प्रमाणपत्र नाही त्याचा कालावधी संपला असं धरू नका. आमच्या १२ घरांच्या वह्या तपासायला माणूस पाठवा, रानं बघा, आणि नोंदीचा पासवर्ड संस्थेकडे न ठेवता गटाकडे द्या. आमच्यातल्या तीन मुली पदवीधर आहेत, त्या भरतील. हे काम येत्या अक्षय तृतीयेच्या आत व्हावं.

रूपांतराच्या पहिल्या दोन वर्षांत उत्पन्नात जी घट येते तिच्याशी काहीतरी नातं सांगणारी मदत द्या, आणि ती लागणीआधी खात्यावर जमा करा. किट बंद करा. त्याचे पैसे द्या किंवा आमच्या गावात जैव-निविष्ठा केंद्र द्या. राष्ट्रीय अभियानात अशी १० हजार केंद्रं धरली आहेत, त्यातलं एक आमच्या गटातल्या बायका चालवतील. ट्रायकोडर्मा, दशपर्णी, निंबोळी अर्क आम्ही करून देऊ, वेळेत देऊ. जनावर पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या घरच्या शेणखतालाही मोजमाप करून काही साहाय्य ठरवा.

फवारणीचा नियम करा. सेंद्रिय रानाशेजारी तणनाशक मारायच्या आदल्या दिवशी सांगणं, वाऱ्याच्या दिवशी न मारणं, ड्रोनसाठी अंतर, एवढं तरी ग्रामसभेच्या ठरावाला बळ देईल असं लिखित काढा. दंड नको. भांडणं लावून आम्हाला गावात राहायचं नाही. नुकसान झालं तर पंचनामा कोणी करायचा ते ठरवा. महापुराचं पाणी आलेल्या सेंद्रिय रानाचं काय, तेही याच कागदात लिहा.

हळदीच्या सौद्यात आठवड्यातून एक वार प्रमाणित सेंद्रिय मालासाठी ठेवा, त्याचे ढीग वेगळे लावा. पहिल्या वर्षी व्यापारी कमी येतील. तरी ठेवा. सांगलीत विश्रामबागेसारख्या भागात दर शनिवारी सेंद्रिय शेतकऱ्यांना बसायला कायमची जागा द्या. महोत्सवाला वर्षातून तीन दिवस बोलावता, त्याबद्दल आभार आहेत, पण गिऱ्हाईक दर आठवड्याला स्वयंपाक करतं.

कीडनाशक अंशांच्या तपासणीसाठी नमुन्याला काही हजार रुपये मोजून तो दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावा लागू नये. जिल्ह्यात सोय करा आणि लहान गटांना तिचं शुल्क माफ करा. गटात नाव घालताना सातबारा कोणाचाही असो, रानात राबणाऱ्या बाईचं नाव घाला.

आणि जे गट सोडून गेले त्यांना भेटा. त्यांची नावं तुमच्याकडे आहेत, पत्ते आहेत. आमच्या गावातली ३८ घरं एका दिवसात फिरून होतात. मी बरोबर येईन.

सध्या आमच्याकडे हळदीची काढणी चालू आहे. सकाळी कुदळ, दुपारी कुकरवर हळद शिजवणं, संध्याकाळी वाळवण. या वर्षीचं वजन अजून व्हायचं आहे. पुढच्या लागणीसाठी जेठे गड्डे निवडून सावलीत, हळदीच्या पाल्याखाली झाकून ठेवले आहेत. कधीही या, अगोदर कळवायची गरज नाही. रान, वही आणि ते दोन्ही ढिगांचं खत दाखवते. हे पत्र मी गटातल्या बाकीच्या ११ घरांत वाचून दाखवलं आहे आणि त्यांची संमती घेतली आहे. उत्तर लेखी हवं आहे, आणि ते आम्ही चावडीवर लावणार आहोत.

आपली,
एक हळद उत्पादक शेतकरी
ता. वाळवा, जि. सांगली